टॉक्सिन बाइंडर वापरून बघितलं: अफ्लाटॉक्सिनला धरतं, बाकीच्यांना फारसं नाही

टॉक्सिन बाइंडर म्हणजे खाद्यातलं बुरशीचं विष धरून ठेवायला गुरांच्या खाद्यात मिसळायची पावडर. रेटिंग आधीच देऊन टाकतो, ५ पैकी साडेतीन. फक्त अफ्लाटॉक्सिनसाठी (मका, शेंगपेंडीवर वाढणाऱ्या बुरशीचं एक विष) घेणार असाल तर चारच्या वर द्यायला हरकत नाही, पण पोत्यावर जे ठळक अक्षरात छापलंय ना "सर्व बुरशीजन्य विषांवर एकच उपाय", ते वाचून घेणार असाल तर दीड. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण असाच मजकूर छापलेली कितीतरी पोती बाजारात आहेत आणि खाली जे लिहिलंय ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडतं.

आधी माल काय आहे ते. २५ किलोचं पोतं, आत करड्या रंगाची मैद्यासारखी बारीक पावडर, वास जवळजवळ नाही, हाताला थोडी चिकट लागते. घटकांमध्ये बेंटोनाइट (एक प्रकारची माती) पहिलं, मग यीस्ट सेल वॉल, मग प्रोपिओनिक अॅसिडचा क्षार, आणि शेवटी "लिव्हर प्रोटेक्टंट" असं मोघम. कशाचं किती प्रमाण ते कुठेच नाही. डोस मोठ्या गाईला रोज ३० ते ५० ग्रॅम. किलोला शंभराच्या आसपास पडलं.

आमचा गोठा एचएफ (होल्स्टीन-फ्रिजियन) गाईंचा, अहिल्यानगरच्या दूधपट्ट्यात. मुरघास, मक्याचा भरडा, सरकी पेंड आणि भाव बरा असेल तेव्हा शेंगपेंड असं खाद्य असतं. पावसाळ्यात संकलन केंद्रावर एम१ ची (म्हणजे अफ्लाटॉक्सिनच्या दुधात उतरणाऱ्या रूपाची) तपासणी पट्टी लावायला सुरुवात झाली आणि आमच्या भागात बऱ्याच जणांचं दूध त्या पट्टीत अडकलं, तेव्हापासून दुकानात बाइंडरचा खप एकदम वाढला. माझं बीएस्सी केमिस्ट्रीत झालंय त्यामुळे पोत्यावरचं वाचून मला गप्प बसवत नाही, हे नेमकं करतं काय ते खोदून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात पहिली गोष्ट, बाइंडर विष मारत नाही. बुरशीपण मारत नाही. तो जनावराच्या पोटात विषाला धरून ठेवतो आणि शेणावाटे बाहेर नेतो, बस. म्हणजे त्याला जे काही करायचंय ते तोंडापासून आतड्यापर्यंतच करायचंय, एकदा विष आतड्याच्या भिंतीतून रक्तात गेलं की बाइंडरचा त्याच्याशी संबंध संपला. दुकानदार "लिव्हरमधलं विष ओढून काढतं" असं सांगत असतील तर ते शक्य नाही, मातीचा कण रक्तात जातच नाही.

आता धरतो कसा, इथे खरी मजा आहे. अफ्लाटॉक्सिन बी१ (खाद्यात सापडणारा या विषाचा मुख्य प्रकार) हा रेणू लहान आहे आणि चपटा आहे, वलयं एकाला एक जोडून ताठ बसलेली, आणि एका बाजूला दोन कार्बोनिल म्हणजे कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेले ऑक्सिजन जवळजवळ आहेत. बेंटोनाइटमध्ये मुख्य खनिज असतं स्मेक्टाइट, त्याचे एकावर एक थर असतात, एकेक थर साधारण एक नॅनोमीटर जाडीचा, आणि दोन थरांच्या फटीत कॅल्शियम-सोडियमचे आयन आणि पाणी असतं. वहीच्या पानांत पिंपळाचं पान घालून ठेवतो तसा हा चपटा रेणू त्या फटीत सरकतो, आणि ते दोन ऑक्सिजन तिथल्या कॅल्शियमच्या आयनाला थेट किंवा मधल्या पाण्याच्या रेणूमार्फत धरून बसतात. पकड चांगली घट्ट असते, पोटातल्या आम्लात सहज सुटत नाही. म्हणून मातीसारखी स्वस्त वस्तू या एका विषावर इतकी चालते. आणि म्हणूनच बाकीच्या विषांवर चालत नाही, कारण ते रेणू चपटे नाहीत, फटीत बसत नाहीत. पोत्यावरचा "सर्व" हा शब्द इथेच खोटा पडतो.

मातीच्या हातून जे अफ्लाटॉक्सिन निसटतं ते आतड्यातून यकृतात जातं, आणि तिथे त्याचं काय होतं हे दूध विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. खरं तर बी१ हा रेणू मुळात तेवढा घातक नाही, त्याला घातक आपलंच यकृत बनवतं. यकृतातली सायटोक्रोम पी४५० नावाची एंझाइम्स बाहेरून आलेल्या वस्तूला ऑक्सिजन जोडून ती पाण्यात विरघळेल अशी करायच्या कामाला असतात. ऑक्सिजन एका जागी जोडला गेला तर एम१ तयार होतं, जे दुधात आणि मुतात उतरतं. दुसऱ्या जागी जोडला गेला तर ८,९-इपॉक्साइड तयार होतं आणि ते भयंकर चिडकं असतं, क्षणभर टिकतं पण तेवढ्यात जे हाताला लागेल त्याला चिकटतं. त्याचा चपटा आकार इथे पुन्हा कामाला येतो, डीएनएच्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये ते शिरतं आणि ग्वानिन या बेसच्या सातव्या क्रमांकाच्या नायट्रोजनला कायमचं जोडलं जातं. पेशीने ते वेळेत दुरुस्त केलं नाही तर प्रत काढताना जी च्या जागी टी लिहिला जातो. १९९१ मध्ये चीनमधल्या आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या यकृताच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये पी५३ या जनुकाच्या २४९ व्या कोडॉनवर (तीन अक्षरांच्या गटावर) नेमका हाच बदल पुन्हा पुन्हा सापडला, आणि हे जनुक म्हणजे बिघडलेल्या पेशीला आवर घालणारं. विषाने जनुकावर एवढी ठरावीक जागी सही ठेवल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

शरीरही गप्प बसत नाही. ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू त्या इपॉक्साइडला मधेच गाठून निकामी करतो, आणि हे काम ज्या प्राण्यात जोरात होतं तो वाचतो. छोट्या उंदराला (माउस, मोठ्या रॅटला नव्हे) म्हणूनच अफ्लाटॉक्सिन फारसं बाधत नाही आणि टर्की, बदक यांना थोडंसंही झेपत नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पटापट मेल्या, कारण कळेना, शेवटी धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीपर्यंत गेला आणि तिथूनच हे विष जगाला कळलं. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातमधल्या बांसवाडा आणि पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली, गावातली कुत्रीपण गेली. ही गोष्ट पशुखाद्याच्या दुकानात कुणी बोलत नाही, बोलायला पाहिजे.

आता दुधाचं. खाल्लेल्या बी१ पैकी साधारण १ ते ३ टक्के एम१ होऊन दुधात येतं, जास्त दुधाच्या गाईत ६ टक्क्यांपर्यंतही जातं. खाल्ल्यापासून एका दिवसाच्या आत दुधात दिसायला लागतं आणि खराब खाद्य बंद केलं की तीन-चार दिवसांत निघून जातं. दूध उकळून जात नाही, पाश्चरायझेशनने जात नाही, कारण रेणू त्या तापमानाला हलत नाही. वर तो केसिनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतो, त्यामुळे पनीर-चीज केलं की पाण्याबरोबर सगळा न जाता बराचसा चोथ्यातच राहतो आणि किलोमागे प्रमाण दुधापेक्षा जास्त येतं. लहान पोरांना आपण दूध-पनीर देतो ते पोषण म्हणून. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१८ च्या देशभरातल्या दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत एम१ मर्यादेच्या वर निघालं होतं. दुधात पाणी घातलंय का याच्यावर जेवढी चर्चा होते त्याच्या एक आणा चर्चा याच्यावर होत नाही याचा मला खरंच राग येतो.

हिशोब करून बघा. गाय रोज पाच किलो आंबोण खाते आणि त्यात बी१ १०० पीपीबी आहे असं धरा, म्हणजे किलोला १०० मायक्रोग्रॅम. पोटात गेलं ५०० मायक्रोग्रॅम. दोन टक्के दुधात आलं तर १० मायक्रोग्रॅम. गाय २० लिटरची असेल तर लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या मर्यादेवर नेमकं टेकलं. युरोपची मर्यादा ०.०५ आहे, त्यांच्या हिशोबाने दहापट. आणि पावसात साठवलेल्या शेंगपेंडीत १०० पीपीबी ही काही फार मोठी गोष्ट नाही. दाण्यातून तेल काढलं की विष तेलात कमी आणि पेंडीत जास्त राहतं, म्हणजे माणसाच्या ताटातून निघून गाईच्या गव्हाणीत आणि तिथून परत माणसाच्या ग्लासात असा त्याचा प्रवास आहे.

आता पोत्यावरच्या डोसकडे येतो, माझे मार्क इथेही कापले गेलेत. १९९१ च्या अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगात दुभत्या गाईंच्या खाद्यात याच जातीची माती अर्धा टक्का घातली तर दुधातलं एम१ २४ टक्क्यांनी कमी झालं, एक टक्का घातली तर ४४ टक्क्यांनी. मोठी दुभती गाय दिवसाला १८-२० किलो कोरडा चारा-खाद्य खाते, त्याचा एक टक्का म्हणजे २०० ग्रॅमच्या जवळपास. पोत्यावर लिहिलंय ३० ते ५०. म्हणजे जास्तीत जास्त पाव टक्क्याच्या आसपास! ५० ग्रॅमने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही, माती चांगली असेल आणि विष थोडं असेल तर फरक पडतो, पण दूध पट्टीत अडकतंय आणि तुम्ही ५० ग्रॅम टाकून निवांत बसलात तर पुढच्या वेळीही अडकेल. आणि २०० ग्रॅम टाकायचं म्हणजे गाईमागे रोजचे वीस रुपये, अर्ध्या लिटरहून जास्त दुधाचे पैसे झाले. त्यापेक्षा ती पेंड बदललेली परवडते. जाहिरातीत हा हिशोब कुणी देत नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. दूध पट्टीवर संशयास्पद आलं तेव्हा आम्ही आधी लेबलप्रमाणे डोस दिला, पट्टीवर रेघ (ती जितकी गडद तितकं विष कमी) किंचित गडद झाली पण पास म्हणावं अशी नाही. मग डॉक्टरांशी बोलून डोस बराच वाढवला आणि दोन्ही वेळच्या आंबोणात नीट कालवून दिला, तेव्हा रेघ चांगली गडद आली. मग शेंगपेंडीचं ते सगळं लॉट काढून टाकलं आणि बाइंडर परत लेबलच्या डोसवर आणला तरी रेघ गडदच राहिली. म्हणजे जास्त काम कुणी केलं ते दिसतंच आहे.

पट्टीबद्दल पण थोडं, कारण बरेच जण ती उलटी वाचतात. प्रेग्नन्सी किटमध्ये रेघ आली की पॉझिटिव्ह, इथे रेघ पुसट झाली की पॉझिटिव्ह. पट्टीवर विषाला ओळखणारी अँटिबॉडी असते आणि टेस्टच्या रेघेवर विषच प्रथिनाला जोडून चिकटवलेलं असतं. दुधात एम१ नसेल तर अँटिबॉडी मोकळी राहते, जाऊन रेघेवर बसते, रेघ गडद. दुधात एम१ असेल तर अँटिबॉडीचे हात आधीच भरलेले असतात, रेघेवर काही बसत नाही. दूध गार असताना टाकलं किंवा वेळेच्या आधी वाचलं तर गोंधळ होतो, किटवर लिहिलेलं तापमान आणि मिनिटं पाळा. पट्टीने नेमका आकडा कळत नाही, आकडा हवा असेल तर लॅबच.

बाकीच्या विषांचं काय? इथे प्रॉडक्ट फेल आहे आणि हे मी पाहिलंय. गेल्या हिवाळ्यात मुरघासाचा एक खड्डा बाजूने हवा जाऊन गुलाबी-पांढरा पडला होता, तो भाग काढला तरी आजूबाजूचं थोडं जात राहिलं, आणि एका कालवडीचा योनीमार्ग सुजला, गाभण नसताना कासही भरल्यासारखी दिसायला लागली. माजावर नसून माजावर असल्यासारखी वागायची. बाइंडर चालूच होता, भरपूर चालू होता. डॉक्टरांनी बघताच सांगितलं की झेअरालेनॉनचा संशय आहे, मुरघास बंद करा. बंद केला, हळूहळू उतरलं.

झेअरालेनॉन ही फ्युझेरियम बुरशीची करामत. त्याचा रेणू असा वळतो की इस्ट्रोजेन या मादीच्या हार्मोनची जागा घेतो, पेशीतल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरवर जाऊन बसतो आणि पेशीला वाटतं हार्मोनच आलं. त्यात गाईच्या रुमेनमधले (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जंतू त्याचं अल्फा-झेअरालेनॉल करतात, जे मूळ विषापेक्षा जास्त जोराने त्या रिसेप्टरला धरतं. म्हणजे एरवी गाईला वाचवणारं रुमेन इथे उलट काम करतं. माती याला नीट धरत नाही. यीस्टच्या पेशीभित्तिकेतलं बीटा-ग्लुकान थोडंफार धरतं, पण त्याचं प्रमाणच लेबलवर नसेल तर कशावर विश्वास ठेवायचा? याच्यासाठी रेणूचं लॅक्टोन वलय फोडणारी एंझाइम्स निघाली आहेत, ती धरून ठेवत नाहीत, तोडतात, आणि ती या पोत्यात नाहीत. गाई वारंवार उलटत असतील (भरवूनही गाभण राहत नसतील) तर बाइंडर बदलत बसण्याआधी मका आणि मुरघास तपासून घ्या, अर्थात उलटायची कारणं दहा असतात, सगळं बुरशीवर ढकलू नका.

टी-२ आणि डॉन (डीऑक्सीनिव्हॅलेनॉल) ही फ्युझेरियमचीच दोन विषं पेशीच्या रायबोसोमला जाऊन बसतात आणि प्रथिनं बनवणंच थांबवतात, तोंडात फोड, आतडं खराब, खाणं कमी. डॉनला रुमेनमधले जंतू बऱ्यापैकी निकामी करतात म्हणून डुकराला जेवढा त्रास होतो तेवढा गाईला होत नाही. माती या दोघांना जवळजवळ धरतच नाही. फ्युमोनिसिन पेशीच्या पडद्याला लागणाऱ्या स्फिंगोलिपिडच्या कच्च्या मालासारखं दिसतं आणि सेरामाइड सिंथेज या एंझाइमला अडवतं, याचा सगळ्यात जास्त फटका घोड्याला. ऑक्राटॉक्सिन किडनीचं, रुमेनमध्ये बरंचसं फुटतं, कोंबड्यांना मात्र त्रास.

लेबलवरचं प्रोपिओनिक अॅसिड बुरशी वाढू नये म्हणून साठवणीच्या वेळी खाद्यात घालायचं असतं, आधी तयार झालेल्या विषाला ते हातही लावत नाही. गव्हाणीत टाकायच्या पावडरीत ते घालून काय साधलं मला कळलं नाही. लिव्हर प्रोटेक्टंटबद्दल प्रमाणच नाही तर बोलायचं काय.

घेताना काय विचारायचं ते सांगतो. युरोपात २०१३ पासून अफ्लाटॉक्सिनसाठी बेंटोनाइट विकायचं असेल तर त्यात किमान ७० टक्के स्मेक्टाइट पाहिजे आणि ठरलेल्या चाचणीत ९० टक्क्यांहून जास्त बी१ धरलं पाहिजे, आणि पूर्ण खाद्यात २ टक्क्यांच्या वर घालायचं नाही. दुकानदाराकडे नाही, कंपनीच्या माणसाकडे या दोन आकड्यांचा लॅब रिपोर्ट मागा. आमच्या पोत्याच्या माणसाने बी१ चा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर लगेच पाठवला, त्याबद्दल अर्धा मार्क वाढवलाय. झेअरालेनॉनचा मागितला तर "बघून सांगतो" म्हणाला. व्हिडिओत दाखवतात तसं ग्लासात पावडर टाकून किती फुगते ते बघून दर्जा ठरवू नका, सोडियमवाली माती फुगते, कॅल्शियमवाली कमी फुगते, आणि विष धरायला कॅल्शियमवालीही उत्तम चालते.

वापरायची पद्धत. नुसती वरून भुरभुरून टाकली तर गाय फुंकर मारते आणि निम्मी उडते, आंबोण भिजवताना कालवा. दोन्ही वेळच्या खाद्यात विभागून द्या, कारण विष आणि माती पोटात एका वेळी भेटली तरच उपयोग. पोतं जमिनीवर टेकवून ठेवू नका, ओल धरली की गुठळ्या होतात आणि मिसळत नाही. खनिज मिश्रण चालूच ठेवा. आणि पोल्ट्रीवाल्यांनी, टायलोसिनसारखी मॅक्रोलाइड गटातली अँटिबायोटिक तोंडावाटे चालू असतील तर तेवढे दिवस बेंटोनाइट बंद ठेवा, माती औषधालाही धरते आणि औषधाचा असर कमी होतो, युरोपच्या नियमातही हे दोन्ही एकत्र टाळा असंच लिहिलंय. आमच्या पोत्यावर याची एक ओळही नाही, गाईला तोंडावाटे कुठलंही औषध चालू असेल तर डॉक्टरांना बाइंडर चालू असल्याचं आधी सांगा.